पिवळ्या चौकटीतलं मशीन

३ मार्च, सोमवार

आज फळी लागली आणि दुकानाला दुकानाची कळा आली. इतके दिवस बेंचवर चार्जर, वायरी, स्क्रूंच्या डब्या असा सगळा बाजार भरलेला असायचा. चिमणी एक वस्तू शोधायला जायची आणि दोन हरवून यायची. आता सगळं बेंचच्या मागच्या अंगाला, भिंतीतल्या फळीवर, ओळीनं. यांनी आज रजा टाकली आणि लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीवरचं ड्रिल दुकानात आणून स्वतः भोकं पाडली. पाडताना म्हणाले, "अगं, जरा वर घेऊ का? बेंचच्या फार जवळ येतेय." मी म्हटलं, "मुळीच नाही. चिमणीचा हात पोचला पाहिजे."

चिमणी म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. अंगापिंडानं एवढीशी, म्हणून लहानपणी पडलेलं नाव अजून सुटलेलं नाही. मशीन उघडणं, तपासणं, जोडणं सगळं तिच्याकडे. गिऱ्हाईक, फोन, अहवाल आणि ज्या लॅपटॉप कंपनीचं आम्ही अधिकृत दुरुस्ती केंद्र आहोत तिच्याशी बोलणं माझ्याकडे. ती दिवसभरात जेवढं बोलते तेवढं मी एका फोनवर बोलते, त्यामुळे वाटणी बरोबर झाली आहे. फळी लागल्यावर तिनं तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्यासाठी एवढं केलंत वहिनी." लोक म्हणतात नणंद-भावजयीचं कधी पटत नाही. त्यांनी येऊन बघावं.

संध्याकाळी मी बेंचवर पिवळ्या रंगानं चौकट आखली. कंपनीनं नवा नियम काढला आहे. वॉरंटीत आलेल्या प्रत्येक मशीनची तपासणी कॅमेऱ्याखाली करायची आणि चित्रण पाठवायचं, नाहीतर दावा बाद. कॅमेरा बरोबर चौकटीवर रोखला आहे. मशीन चौकटीत ठेवायचं, चार्जर लावायचा, दिवा लागला, आकडा चढला की तपासणी पूर्ण. चौकटीबाहेर केलेलं काहीही धरलं जाणार नाही असं मी चिमणीला बजावलं आहे. कामाला शिस्त हवी, आणि शिस्त लावायला कुणीतरी खमकं हवं. ते देवानं मला केलेलं आहे.

६ मार्च, गुरुवार

कंपनीच्या विभागीय साहेबांचा फोन. म्हणाले, "मॅडम, तुमच्या बेंचचे फोटो पाहिले. फळी, चौकट, सगळं अप्रतिम. मी बाकीच्या सगळ्या केंद्रांना हे फोटो पाठवतोय. आता सगळ्यांनी असाच बेंच करायचा."

मी "अहो, त्यात काय एवढं" म्हटलं, पण फोन ठेवल्यावर दुकानात दोन फेऱ्या मारल्या. आमचं केंद्र सगळ्यात लहान. एक काउंटर, एक बेंच, मागे स्टूल ठेवायला जागा नाही. तरी सगळ्यांना आमचा कित्ता गिरवायला लागणार. यांना सांगितलं तर म्हणाले, "मग फळी मी लावली ते सांगितलंस का?" नाही सांगितलं. कल्पना माझी होती, भोकं पाडायला काय लागतं!

१४ मार्च, शुक्रवार

नवीन पातळ मॉडेलची पहिली तक्रार. बाई पन्नाशीच्या, जाड चष्मा, कमरेला पट्टा, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात लॅपटॉपची पिशवी. पुस्तकांचे अनुवाद करतात म्हणे. म्हणाल्या, "चार्जर लावलेला असतो आणि तरी बॅटरी उतरत जाते. मी वाक्याच्या मधोमध असते आणि पडदा काळा."

चिमणीनं मशीन चौकटीत ठेवलं, झाकण उघडलं, चार्जर लावला. दिवा लागला, आकडा चढायला लागला. तासाभरानं पाहिलं, भरत आलेलं. मी बाईंना म्हटलं, "ताई, मशीन ठणठणीत आहे. घरचा प्लग बघून घ्या." त्या म्हणाल्या, "प्लग बदलला. दुसऱ्या खोलीतला लावला. शेजारणीकडचाही लावला." मी अहवाल लिहून हातात दिला: दोष आढळला नाही. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि विचारलं, "तुम्ही यावर काम करून पाहिलंत का?" आता दुकानात बसून मी कादंबऱ्यांचे अनुवाद करू का?

बाई गेल्यावर चिमणी म्हणाली, "वहिनी, ही फळी जरा पुढे येतेय का हो?" मी म्हटलं, "डोकं आपटतं का?" "डोकं नाही, झाकण..." एवढ्यात फोन वाजला. झाकणाला चरे पडत असतील तर फळीच्या कडेला रबराची पट्टी लावायला सांगते यांना. पोरीला नव्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो.

१५ मार्च, शनिवार

यांनी रबराची पट्टी लावली. चिमणी बघत उभी होती. "आता झालं ना समाधान?" असं मी विचारल्यावर "हो" म्हणाली आणि आत गेली. हिचं "हो" म्हणजे नेमकं काय असतं ते देवाला ठाऊक.

२२ मार्च, शनिवार

हा आठवडा याच मॉडेलनं खाल्ला. एक बास्केटबॉलचा प्रशिक्षक येऊन गेला, एक गायनमास्तर, एक ताडमाड तरुण. तिघांचं एकच रडगाणं, चार्जर लावून बॅटरी उतरते. तिघांचीही मशीनं आमच्या चौकटीत आली की शहाण्या मुलासारखी चार्ज होतात. गायनमास्तर पडद्यासमोर बसून परगावच्या मुलांना शिकवतात. म्हणाले, "ताना चालू असताना बंद पडतं हो! मुलांना वाटतं मास्तरांचा श्वास संपला." मला हसू आवरेना, पण अहवाल तोच दिला. कॅमेऱ्यात दिसलं ते खरं.

मास्तरांना दारातून जाताना वाकावं लागलं. चिमणी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "वहिनी, तक्रार घेऊन येणारे सगळे उंच आहेत."

मी म्हटलं, "अगं, तुला सगळं जग उंचच दिसणार."

ती हसली नाही. "बुटकं कुणीच आलं नाही या मॉडेलचं. मी पण घरी तेच वापरते. माझं व्यवस्थित चालतं."

"त्या अनुवादवाल्या बाई कुठे उंच आहेत?"

ती पुन्हा स्क्रू आवळायला लागली. मी म्हटलं, "उंची बघून बॅटरी भरायला लागली तर टेप घेऊनच बसायला हवं काउंटरवर." रात्री जेवताना यांना सांगितलं. हे पोट धरून हसले. चिमणी पानात खाली बघून जेवत होती. थोडी थट्टा तिला सोसत नाही, एवढा एक दोष सोडला तर गुणाची पोर.

२ एप्रिल, बुधवार

आज डोकं तापलं. अनुवादवाल्या बाई पुन्हा आल्या, ही तिसरी खेप. काउंटरला टेकून उभ्या राहिल्या, बसायला सांगितलं तर म्हणाल्या बसता येत नाही. अपघातानंतर पाठ बसू देत नाही. मशीन पुन्हा चौकटीत, पुन्हा दिवा लागला, पुन्हा आकडा चढला. मी म्हटलं, "ताई, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुमच्या डोळ्यांसमोर चार्ज होतंय."

त्या म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुमचा कागद तसं म्हणतो. आणि प्रकाशक म्हणतो की मशीनचं कारण सांगणं बंद करा. एक पुस्तक काढून घेतलंय माझ्याकडून. आता मी तक्रार मंडळाकडे जाणार."

"खुशाल जा," मी म्हटलं. चोराच्या उलट्या बोंबा नाहीतर काय! आमच्या केंद्राचा एकही अहवाल आजवर परत आलेला नाही. आणि या आम्हाला तपासणी शिकवणार.

त्यातच मागे बघते तर चिमणीनं मशीन चौकटीतून उचलून आपल्या मांडीवर घेतलेलं. मी म्हटलं, "हे काय? चौकटीबाहेर?" ती म्हणाली, "वहिनी, एक मिनिट. इथं झाकण..." मी तिला गिऱ्हाइकासमोर बोलले, तसं बोलायला नको होतं, पण बोलले. कॅमेऱ्यात नसलेली तपासणी म्हणजे तपासणीच नव्हे हे तिला कितीदा सांगायचं? मशीन मी स्वतः उचलून परत चौकटीत ठेवलं. चिमणीनं हात पुसले आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

११ एप्रिल, शुक्रवार

बाईंनी बोललेलं खरं केलं. ग्राहक तक्रार मंडळानं कंपनीला बोलावलं आहे आणि कंपनीनं मला. साक्षीदार म्हणून! विभागीय साहेब स्वतः म्हणाले, "मॅडम, आमची सगळी भिस्त तुमच्यावर. तुमच्याच बेंचवर तीनदा तपासलंय, तुमच्यासारखं चित्रण कुणाचं नाही. आणि हे झालं की तुमच्या करारनाम्याचं नूतनीकरण मीच मार्गी लावतो."

आईला फोन केला. तिला वाटलं मी काही गुन्हा केला. तिला समजावून सांगेपर्यंत भाजी लागली. पण शेवटी म्हणाली, "बोलायला तू कमी पडणार नाहीस." हेच ती माझ्या लहानपणी तक्रारीच्या सुरात म्हणायची.

१७ एप्रिल, गुरुवार

आजचं नीट लिहायचं आहे, म्हणून सगळी कामं उरकून बसले आहे.

कंपनीच्या वकिलांनी सुचवलं होतं की बाई मशीन कसं वापरतात, ओढाताण करतात का, पाणीबिणी सांडतात का, ते कळलं तर बरं. मला ते पटलं. मशीन परत दिल्याच्या पावतीवर बाईंची सही राहिली होती, ते निमित्त करून दुपारी त्यांच्याकडे गेले. मनात म्हटलं, आज रंगेहाथ पकडते.

आतून आवाज आला, "ढकला, उघडंच आहे." खोली एक, पण लख्ख. भिंतभर पुस्तकं, खिडकीशी खाट. बाई खाटेवर जवळजवळ आडव्या, गुडघ्याखाली उशी, पोटावर लाकडी पाट आणि पाटावर मशीन. झाकण पार मागे टेकलेलं. झोपून पडदा दिसायचा तर तेवढं उघडावंच लागतं. मला बघून त्या दचकल्या, पण म्हणाल्या, "या. उठत नाही, रागावू नका. दिवसातून एकदाच उठते, आणि तुमच्याकडे यायचं त्या दिवशी ते उठणं तिथंच खर्ची पडायचं."

मी सही घ्यायला पुढे झाले आणि मशीनकडे बघितलं. चार्जर लावलेला होता. प्लगचं बटण चालू होतं. मशीनच्या कडेचा दिवा बंद होता.

मी म्हटलं, "हे चार्ज होत नाहीये."

त्या म्हणाल्या, "हेच मी तुम्हाला सांगतेय."

मी वायर हलवली, काही नाही. सही करायला कागद ठेवावा म्हणून त्यांनी झाकण पुढे ओढलं, अर्ध्यावर आणलं, आणि दिवा लागला. मी त्यांना म्हटलं, पुन्हा मागे करा. केलं. दिवा गेला. पुढे, लागला. मागे, गेला. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या ते झाकण पुढे मागे करत बसलो. त्या म्हणाल्या, "अगं बाई! काम करताना हे कायम उघडंच, दिव्याकडे कोण बघतं? पण तुमच्याकडे एवढी तपासणी होते. तुम्ही कधी पूर्ण उघडलं नाहीत?"

माझ्या डोळ्यांसमोर आमचा बेंच आला. पिवळी चौकट, चौकटीच्या लगेच मागे फळी, आणि फळीच्या कडेला रबराची पट्टी. चौकटीत ठेवलेल्या मशीनचं झाकण सरळ उभं राहतं आणि फळीला टेकतं. त्यापुढे ते जातच नाही. कसं जाईल? ते जाऊ नये अशीच मी सोय केली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सही घ्यायची विसरले. बाईंनी हाक मारून कागद परत हातात दिला.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी शटर अर्धं ठेवून चिमणीला म्हटलं, "तुझं मशीन आण." ती काही न विचारता घेऊन आली. बेंचवर नाही, काउंटरवर ठेवलं. चार्जर लावला. झाकण मी पार मागे टाकलं. दिवा गेला.

चिमणीनं दिव्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बिजागरीतून चार्जिंगची एक पातळ पट्टी जाते. झाकण फार मागे गेलं की ती ताणली जाते आणि चार्जिंग तुटतं. पट्टी आणखी दोन बोटं लांब हवी होती. उंच माणसं खाली बघतात म्हणून झाकण मागे टाकतात. मी सरळ समोर बघते."

"तुला हे कधीपासून माहीत?"

"माहीत नव्हतं. वाटत होतं. त्या दिवशी मांडीवर घेऊन बघणार होते."

म्हणजे मीच हातातून काढून घेतलं. मी म्हटलं, "अगं, मग ओरडून सांगायचं होतंस! फळी काढा म्हणायचं होतंस!"

तिनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक पुसलं. मग म्हणाली, "दादा वर लावत होता. तुम्ही माझा हात पोचावा म्हणून खाली लावायला सांगितलीत. माझ्यासाठी इतकं कुणी बघून काही केलेलं नाही वहिनी. ती फळी काढा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग आम्ही दोघींनी मिळून फळी उतरवली. भिंतीला भोकं राहिली आहेत.

नंतर एक गोष्ट लक्षात आली. साहेबांनी आमच्या बेंचचे फोटो सगळीकडे पाठवले आहेत. सगळ्या केंद्रांनी तशीच फळी लावली असणार. म्हणजे गावोगाव मशीनं चौकटीत उभी राहून चार्ज होताहेत आणि गावोगावच्या माणसांना कागद मिळतोय की तुम्ही खोटं बोलता.

२३ एप्रिल, बुधवार

विभागीय साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हे लेखी कुणाला दिलं नाही ना? मी वरती कळवतो, त्याला वेळ लागेल. तोवर साक्षीत काय बोलायचं ते वकील सांगतील."

वकील म्हणाले, "तुम्हाला खोटं बोलायला मी सांगतच नाही. तीन वेळा तपासलं का? हो. दोष आढळला का? नाही. दोन्ही खरंच आहे. एवढंच बोलायचं आणि बसायचं."

रात्री यांना विचारलं. हे म्हणाले, "शब्द तर खरेच आहेत. आणि अधिकृत केंद्राची पाटी गेली तर दुकानात येणार कोण? तुम्ही दोघींनी किती खस्ता खाल्ल्यात." मग जरा वेळानं आपणच म्हणाले, "पण लिफ्ट मधेच अडकते हे माहीत असताना मी 'तळमजल्यावर तपासली, ठीक आहे' असं लिहिलं तर तू मला घरात घेशील का?"

नाही घेणार. हे त्यांनाही माहीत आहे.

६ मे, मंगळवार

मंडळाची खोली साधी, लांब टेबल, पंखा मान हलवणारा. अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई, पेनाचं टोपण चावायची सवय. अनुवादवाल्या बाईंना त्यांनी मागच्या बाकावर आडवं व्हायला परवानगी दिली, त्या तिथून बोलल्या. चिमणी माझ्या मागे बसली होती. निघताना मी तिला म्हटलं होतं, "तू आलीच पाहिजेस." ती विचारत होती कशाला. मलाही नीट सांगता आलं नव्हतं.

वकिलांनी विचारलं, "आपण हे मशीन किती वेळा तपासलं?"

"तीन वेळा."

"दोष आढळला?"

"नाही आढळला."

"धन्यवाद. बसा."

मी बसले नाही. वकील पुन्हा म्हणाले, "बसा मॅडम." मी अध्यक्षांकडे बघून म्हटलं, "बाई, त्यांचं विचारून झालंय, माझं सांगून व्हायचंय." अध्यक्षांनी टोपण तोंडातून काढलं. "सांगा."

मी म्हटलं, "मशीन इथं आहे. मला एक प्लग द्या."

वकील हरकत घ्यायला लागले. अध्यक्ष म्हणाल्या, "प्लग द्यायला काय हरकत आहे?" शिपायानं टेबलफॅनचा प्लग काढून दिला. मी मशीन टेबलावर ठेवलं, झाकण उभं केलं. दिवा लागला. म्हटलं, "आमच्याकडे हे असं तपासलं जातं. आणि त्या ताई अशा काम करतात." झाकण मागे टाकलं. दिवा गेला. खोलीत कुणीतरी "अरेच्चा" म्हटलं, बहुतेक शिपाई. अध्यक्ष उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि स्वतः झाकण हलवून बघितलं. मग वकिलांना म्हणाल्या, "तुम्हीही बघा." त्यांनी बघितलं आणि टाय सैल केला.

"हे तुमच्या केंद्रात दिसलं कसं नाही?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"माझ्या बेंचवर मागे फळी होती. झाकण पूर्ण उघडत नव्हतं. तोच बेंच बघून कंपनीनं बाकीच्या केंद्रांनाही तसाच करायला लावलाय. तिथंही हे दिसणार नाही. सगळीकडच्या फळ्या काढायला सांगा."

"तुम्हाला कुणी आधी सुचवलं नव्हतं?"

इथं मी मागे वळले. "ही माझी नणंद. ती सुचवत होती. मी तिला दर वेळी मधेच तोडलं. तिनं जे शोधलं ते तिच्या नावावर लिहून घ्या. आणि त्या तीन अहवालांवर सही माझी आहे, ते माझ्या नावावर."

अध्यक्षांनी चिमणीला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" मला वाटलं, ही आता मान हलवून बसणार. चिमणी उभी राहिली. टेबलावरून फक्त खांद्याच्या वरची दिसत होती. म्हणाली, "पट्टी बदलून मिळाली पाहिजे. या ताईंनाच नाही, हे मॉडेल ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्या सगळ्यांना. काम अर्ध्या तासाचं आहे. मी करून दाखवते." आणि खरंच पिशवीतून हत्यारं काढायला लागली. अध्यक्ष म्हणाल्या, "इथं नको, इथं नको," पण हसत होत्या.

बाहेर पायऱ्यांवर विभागीय साहेब माझ्याशी बोलले नाहीत. अनुवादवाल्या बाईंनी काठी बगलेत धरून माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना मी म्हटलं, "ताई, तुम्हाला खोटं ठरवलं मी." त्या म्हणाल्या, "आणि खरंही तुम्हीच ठरवलंत. आता मला घरी सोडा, पाठ गेली कामातून."

आज मला कसं वाटतंय म्हणून लिहायला बसले, तर एकच शब्द सुचतो. अभिमान. स्वतःचा तर आहेच, तो मला नेहमीच असतो. पण आज चिमणी उभी राहिली तेव्हा छातीत जे भरून आलं, ते याआधी कधी झालं नव्हतं.

२३ मे, शुक्रवार

निकाल लागला. बाईंना नवीन मशीन, आणि या मॉडेलची पट्टी कंपनीनं सगळ्यांना फुकट बदलून द्यायची. कंपनीनं केंद्रांना परिपत्रक काढलं आहे: तपासणीच्या वेळी यंत्राच्या मागील बाजूस कोणताही अडथळा नसावा, झाकण पूर्ण उघडावे. खाली लिहिलंय की हे कंपनीच्या तज्ज्ञ पथकाच्या निदर्शनास आलं. ते पथक आमच्या स्वयंपाकघरात आत्ता काकडी चिरत आहे.

दुसरं पत्र आमच्यासाठी होतं. करारनाम्याचं नूतनीकरण करता येणार नाही. कारण लिहिलेलं नाही. मी ते दोनदा वाचलं आणि चहा टाकला. रडू येईल असं वाटलं होतं. आलं थोडं, नाही असं नाही. ती पाटी लागली त्या दिवशी मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन तिच्याकडे बघत उभी राहिले होते.

२९ मे, गुरुवार

पाटी काढायला कंपनीचा माणूस आला. शिडी डुगडुगत होती म्हणून मीच धरली. आमच्या दारात कुणी पडलेलं मला चालायचं नाही.

दोन दिवस मी फोन करते आहे. या मॉडेलचं मशीन घेऊन आलेल्या आणि "दोष आढळला नाही" घेऊन परत गेलेल्या प्रत्येकाला. पहिलं वाक्य ठरलेलं: "तुमचं बरोबर होतं." काही जण ते वाक्य पुन्हा म्हणायला लावतात. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकानं "मी बायकोला देतो, तिला सांगा" म्हणून फोन बायकोकडे दिला. गायनमास्तर स्वतःच येऊन बसले, पट्टी बदलून होईपर्यंत काउंटरवर ताल धरून. पट्ट्या कंपनीच्या, करार संपण्याआधी आलेल्या, काम आमचं. कंपनीकडून मजुरी मिळणार नाही हे माहीत आहे. पण मास्तरांनी जाताना त्यांच्या शिष्याचं जुनं मशीन दुरुस्तीला टाकलं, आणि प्रशिक्षकाच्या बायकोनं तिच्या ऑफिसातली चार. "तुमचं चुकलं तर फोन करून सांगता," म्हणाली, "असं दुकान मी पाहिलेलं नाही." हे वाक्य मी यांना तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा त्यांनीच मला ऐकवलं.

४ जून, बुधवार

रंगारी आला होता, नवी पाटी रंगवायला. म्हणाला, "नाव काय लिहू?" मी आधीच ठरवून ठेवलं होतं. "भावजय-नणंद लॅपटॉप दुरुस्ती." मी मोठी, दुकानाचं तोंड मी, म्हणून आधी मी. रंगाऱ्यानं खडूनं अक्षरं आखली. मी लांब जाऊन बघितलं. मला तर झकास वाटलं.

चिमणी बेंचवरून उठून बाहेर आली, हातात उघडं मशीन तसंच. वर बघत म्हणाली, "वहिनी, उलटं आहे. लोक नणंद-भावजय म्हणतात. भावजय-नणंद कुणी म्हणत नाही, जिभेवर बसत नाही."

मी तोंड उघडलं होतं. सांगणार होते की दुकान कुणाच्या कल्पनेनं उभं राहिलं, काउंटरवर कोण बसतं, शिस्त कुणी लावली. रंगारी ब्रश रंगात बुडवून थांबला होता. चिमणी मान वर करून माझ्याकडे बघत होती, या वेळी गप्प बसायची नाही असं तोंडावर लिहिलेलं.

मी रंगाऱ्याला म्हटलं, "पुसा. ती म्हणते तसं लिहा."